वाइगलबाईंना घेऊन ब्रातिस्लावाला

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी, कॉफीत पाव बुडवता बुडवता वाइगलबाईंनी जाहीर केलं, की त्यांना ब्रातिस्लावाला जायचं आहे. एकाच दिवसापुरतं. पण जर्दाळू पिकले की लगेच.

व्लास्ता त्यांच्या सुजलेल्या पायांना पट्ट्या बांधत होती. तिच्या हातातून पट्टीची गुंडाळी निसटली आणि उलगडत उलगडत सोफ्याखाली गेली.

"ब्रातिस्लावाला? तिथं काय करायचंय?"

"काय म्हणजे? तुमची बाग बघायची. सहा वर्षं नुसती ऐकतेय. जमलं तर आत्याची गल्लीही बघीन. लहान होते तेव्हा व्हिएन्नात ट्रॅममध्ये बसायचो ते थेट तिच्या गावात उतरायचो. आता तर आगगाडी तासाभरात पोचवते म्हणतात. तासभर नुसतं बसायला मला काय धाड भरलीय?"

"डॉक्टर नको म्हणतील."

"मग डॉक्टरला नको नेऊया."

व्लास्ता गुंडाळी काढायला सोफ्याखाली वाकली आणि गरजेपेक्षा बराच वेळ तशीच वाकून राहिली.

तिचं वय एकसष्ट. तरुणपणी ती ब्रातिस्लावात रबराच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. कारखाना बंद पडला, तशी पन्नाशी उलटल्यावर म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं शिक्षण घेऊन ती व्हिएन्नाला यायला लागली. दोन आठवडे इथं, दोन आठवडे घरी. तिच्यासारख्या बायकांना दर पंधरवड्याला गोळा करत एक मिनीबस सरहद्द ओलांडते, अर्ध्यांना दारोदार सोडते आणि थकलेल्या अर्ध्यांना परत नेते. वाइगलबाई तिच्याकडे आलेल्या तिसऱ्या म्हाताऱ्या. वय सत्त्याऐंशी, व्हिएन्नाच्या फावोरिटन भागात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. कान शाबूत, डोळे शाबूत, जीभ त्याहून शाबूत. फक्त पाय गेलेले. नवरा ट्रॅमच्या कारखान्यात फिटर होता, पण त्याचा खरा जीव शहराबाहेरच्या भाड्याच्या बागेत. आधी तो गेला, मग बाईंचे पाय गेले, मग बागही सोडावी लागली.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं होतं, "घरी कोण असतं?" आणि व्लास्ता म्हणाली होती, "नवरा असतो. घरामागं बाग आहे. जर्दाळूची चार झाडं आहेत."

यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त तीन वर्षं शिळा. नवरा, म्हणजे ल्युबो, दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला होता. मोरावा नदीच्या काठचं ते घर त्याच्या आईचं. ते विकलं गेलं. व्लास्ता आपल्या दोन सुटकेस घेऊन मुलाकडे, ब्रातिस्लावाच्या पेत्रझाल्का वस्तीत आठव्या मजल्यावर आली होती आणि बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपत होती. पण ज्या बाईची अजून धड ओळख नाही, तिच्यापुढं हे गाऱ्हाणं कुणी मांडावं? म्हणून खरं बोलायचं तेवढं राहिलं. आणि मग राहूनच गेलं. कारण दर वेळी ती परत आली, की तिची बॅग खाली टेकायच्या आत बाईंचा प्रश्न ठरलेला: "जर्दाळू कसे आहेत?"

जर्दाळू बरे असायचे. कधी त्यांना मावा पडायचा. एका एप्रिलमध्ये रेडिओवर गोठवणारं दंव पडणार म्हणून सांगितलं, तेव्हा बाईंनी ओला पेंढा जाळून धूर करायला सांगितला होता, आणि फोनवर बोलायचं नाटक करून व्लास्तानं ल्युबोला तसं कळवलं होतं. ल्युबोनं मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. मोरावाला पूर आला, पाणी कुंपणाला लागलं आणि ओसरलं. दुपारी तीन ते पाच या लांबलचक वेळेत दोघी त्या बागेत बसून असायच्या. खरी बाग व्लास्ताला इतकी लाडकी कधी नव्हती.

ब्रातिस्लावाचं निघालं त्या दिवसापासून व्लास्ताच्या पायाला भिंगरी लागली. ओव्हन एकदा घासून झाला तरी ती परत घासायची. वाइगलबाई टेबलाशी मोठा कागद घेऊन बसल्या होत्या आणि व्लास्ता जाता-येता त्यांच्यापुढं एकेक अडचण टाकत होती, जणू भुंकणाऱ्या कुत्र्यापुढं हाडूक.

"गाडीची पायरी उंच असते. व्हीलचेअर कशी चढवणार?"

"आदल्या दिवशी स्टेशनला फोन करायचा, लिफ्ट घेऊन माणूस येतो. मी विचारलंय."

"तुम्ही? कधी?"

"तुम्ही भाजी आणायला गेला होतात तेव्हा."

"गाडीपेक्षा बोट बरी, वाइगलबाई. सरळ डॅन्यूबवरून." बोट बाईंना आवडणार नाही, हे तिला माहीत होतं.

"पाण्यावर मला उलटी होते. आणि बसमध्ये गुडघे दुखतात. गाडीच. मार्खेगवरून जाणारी. ती मोरावा ओलांडते, म्हणजे तुमच्याच बाजूनं जाते. नकाशात बघितलंय."

"जुलैत ऊन फार असतं."

"टोपी आहे."

"आणि गुड्रुन?"

इथं मात्र बाईंनी कागद बाजूला सारला. गुड्रुन त्यांची मुलगी. ग्राट्सला असायची, रोज संध्याकाळी सहाला फोन करायची आणि आईनं पाणी किती प्यायलं ते विचारायची. व्लास्ताला कामावर ठेवणारी आणि काढू शकणारीही तीच.

"गुड्रुनला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "तिला नंतर कळेल."

"काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"काही झालं तर मी मरेन. मला काय करायचंय तुमच्या नोकरीचं?" असं म्हणून त्या स्वतःच हसल्या आणि त्यांनी कागदावर लिहिलं: *गोळ्या, दुपारच्या. टोपी. ल्युबोला काहीतरी.*

हे "ल्युबोला काहीतरी" वाचून व्लास्ता परत ओव्हन घासायला गेली.

परतीच्या मिनीबसमध्ये तिनं सगळं यार्मिलाच्या कानावर घातलं. यार्मिला शेजारच्याच रस्त्यावर एका म्हाताऱ्या शिक्षकाला सांभाळायची आणि मिनीबसमध्ये कायम तिच्या बाजूला बसायची. तिनं सगळं ऐकलं, संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच ना? ब्रातिस्लावातच, राचात माझी बाग आहे, नवरा आहे. दोन्ही घेऊन जा. बाग तेवढी परत कर, नवऱ्याचं बघू."

"तुझ्याकडं जर्दाळू कुठं आहेत?"

"आलुबुखार आहे, अक्रोड आहे, द्राक्षं आहेत. म्हातारीला दिसतं कितपत?"

"माशी बसली तर नर की मादी ते सांगेल."

"मग इम्रिख बघेल काय ते. दोन वर्षं लिंझला बांधकामावर होता तो, जर्मन येतं त्याला. म्हणजे शिव्या येतात. बाकीचं पाठ करून घेऊ."

"यार्मिला, थट्टा नाही सुचत मला. सांगूनच टाकावं का बाईंना?"

"सहा वर्षांनी? तिचा जीव घेशील. नाहीतर ती तुझा घेईल."

त्या सुट्टीत व्लास्ताचं कुठंच मन लागेना. मुलाकडं, रादोकडं, दिवसभर बसून काय करायचं हा प्रश्न एरवीही असायचाच; सून सोन्या वाईट नव्हती, पण सोफ्यावरची चादर सकाळी सातच्या आत घडी होऊन आत जायला लागायची. एका सकाळी ती उठली, बसमध्ये बसली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मोरावाकाठच्या त्या गावात उतरली. तिच्या डोक्यात एक वेडा विचार होता. नवे मालक भले असतील. त्यांना विचारावं, की एका म्हाताऱ्या बाईला घेऊन तासभर बागेत बसू का? नवरा लागणारच नाही. तो कामावर गेलाय म्हणता येईल.

घर तेच होतं, रंग नवा. मागं मात्र बाग नव्हती. खडी पसरलेली होती आणि तिच्यावर दोन मोटारी उभ्या होत्या. उरलेल्या हिरवळीच्या तुकड्यावर गवत कापायचं एक यंत्र आपलं आपणच फिरत होतं, भिंतीला धडकून वळत होतं. रबरी नळी घेऊन उभी असलेली तरुण बाई म्हणाली, "कोण हवंय?"

"कुणी नाही. घर चुकले."

"कुणाचं घर?"

"नाही, नाही. असू दे."

बसच्या थांब्यावर तिनं दोन बस सोडल्या. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. राग आला, आणि तो नेमका कुणाचा ते कळेना. घरी जाऊन तिनं यार्मिलाला फोन केला. "इम्रिखला विचार."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार ठरला. तेव्हा दोघी मैत्रिणी व्हिएन्नालाच कामावर असणार, म्हणून इम्रिखची तयारी फोनवरून चालली होती. यार्मिला दुपारी त्याला जर्मन वाक्यं म्हणायला लावायची आणि संध्याकाळी पायऱ्यांवर भेटून व्लास्ताला खबर द्यायची: "'मधमाश्या बऱ्या आहेत' इथपर्यंत आलाय."

वाइगलबाईंनी शेजारणीच्या मुलीकडून केस करून घेतले. पाय झाकणारा निळा स्कर्ट इस्त्री करून घेतला. सोमवारी व्लास्तानं स्टेशनला फोन केला: जायची गाडी नऊची, परतीची चारची. त्या दिवशी सहाला गुड्रुनचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "उद्या? उद्या काही नाही. पाय वर करून पडणार." आणि व्लास्ताकडे बघून त्यांनी डोळा मारला. व्लास्ताला ते आवडलं नाही. आपल्याला ते आवडलं नाही याचंही तिला नवल वाटलं.

मंगळवारी सगळं सुरळीत झालं. लिफ्टवाला वेळेवर आला, डब्यात खिडकीशी जागा मिळाली. व्लास्ता मात्र दर पाच मिनिटांनी बॅग उघडून गोळ्या आहेत का ते बघत होती.

"एका जागी बसा की," बाई म्हणाल्या. "माझं लक्ष लागत नाही बाहेर."

शेतं गेली, पवनचक्क्या गेल्या. मार्खेग गेल्यावर बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि मांडीवर उलगडली. कलम करायचा चाकू होता, वाकड्या पात्याचा, मूठ हाताळून हाताळून काळी पडलेली.

"आमच्या ह्यांचा. गुड्रुनला याचं काही नाही. ल्युबोच्या हातात शोभेल."

व्लास्तानं बॅग उघडून परत गोळ्या बघितल्या. गाडी पुलावर आली. खाली मोरावा, हिरवी आणि संथ. मग घरांच्या पाठी दिसायला लागल्या, गाडी मंदावली आणि एका लहानशा स्टेशनावर थांबली. बाईंनी चाकू पर्समध्ये टाकला आणि टोपी चढवली.

"चला. हेच ना तुमचं गाव? पाटी वाचली मी."

"इथं नाही उतरायचं. राचाला जायचंय आपल्याला."

"राचा डोंगराच्या पलीकडं आहे. तुमची बाग मोरावाकाठी आहे. पाणी कुंपणाला लागलं होतं, तुम्हीच सांगितलंत."

"वाइगलबाई, इथं माझं काही नाही." व्लास्ता म्हणाली. "होतं. नऊ वर्षांपूर्वी."

दारं बंद झाली. पुढच्या दहा मिनिटांत तिनं सगळं सांगितलं. ल्युबोचं, घराचं, सोफ्याचं. घाईघाईनं आणि उलटसुलट, कारण स्टेशन यायच्या आत संपवायचं होतं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"ते दंव?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दंव खरं होतं."

"त्यानं धूर केला होता."

"नव्हता केला. तो नव्हताच तिथं. झाडंही तोडलीत आता."

"मी त्या रात्री डोळ्याला डोळा लावला नाही," वाइगलबाई म्हणाल्या. "तुम्ही आत घोरत होतात. मी पडल्या पडल्या एकेका झाडाची काळजी करत होते." त्यांनी टोपीची कड खाली ओढली. "मला परत न्या."

"चारच्या आधी नाही नेता येणार. लिफ्टवाल्याला चारची गाडी सांगितलीय."

"मग चारपर्यंत माझ्याशी बोलू नका."

सकाळचे दहा वाजले होते. सहा तास! ब्रातिस्लावाच्या रस्त्यांवरून व्लास्ता ती व्हीलचेअर ढकलत होती आणि तिच्यापुढं टोपीखालचं ते ताठ डोकं तसूभरही वळत नव्हतं. आत्याच्या गल्लीत मोठं हॉटेल उभं राहिलं होतं. बाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि हातानंच 'पुढं' अशी खूण केली. मग एका जुन्या कॅफेत त्यांनी बोट दाखवून दोन खसखशीचे रोल मागवले, नालाच्या आकाराचे. दोन्ही स्वतःच खाल्ले. व्लास्ताचा फोन खिशात सारखा थरथरत होता. पलीकडं यार्मिला असणार. पण बाईंपुढं तिच्याशी काय बोलायचं? आपण उठावं, कुठंतरी चालत सुटावं असं तिला वाटत होतं, आणि खुर्चीचा ब्रेक लागलाय ना हे ती परत परत पायानं चाचपत होती.

अकराच्या सुमारास बाई पहिला शब्द बोलल्या. "मला जायचंय."

कॅफेचं स्वच्छतागृह अरुंद. व्लास्तानं त्यांना दोन्ही काखांत धरून उभं केलं. असं रोज पाच-सहा वेळा करायची ती. बाईंनी सवयीनं तिच्या गळ्यात हात टाकला, मग आठवण झाल्यासारखा काढायला गेल्या, पण काढला असता तर पडल्या असत्या. तेवढ्यात फोन परत वाजायला लागला.

"घ्या तो, नाहीतर फेकून द्या!"

व्लास्तानं एका हातानं कसाबसा फोन काढला. बोट कुठं लागलं कोण जाणे, यार्मिलाचा आवाज त्या चिमुकल्या खोलीत घुमला. स्लोव्हाक भाषेत, पण चढलेला.

"कोण ही? काय ओरडतेय?" बाईंनी विचारलं.

"यार्मिला. म्हणतेय, नवरा सकाळपासून वाट बघतोय, फोन घरी विसरून बागेत गेलाय, त्याला काही कळवता येत नाही."

"कुणाचा नवरा?"

"तिचा. म्हणजे आज माझा."

मग तेही सांगावं लागलं. पाठ केलेली वाक्यं, मधमाश्या, सगळं. बाईंच्या गळ्यातून आधी खोकल्यासारखा आवाज आला. व्लास्ता घाबरली. पण खोकला नव्हता तो.

"नवरा उसना आणलात?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच. आणखी कुणासाठी?"

"माझा स्कर्ट नीट करा," वाइगलबाई म्हणाल्या. "मला तो बघायचाय."

टॅक्सीनं राचाच्या चढावर द्राक्षांच्या मळ्यांजवळ सोडलं. फाटकाशी इम्रिख उभा होता. अंगात काळा सूट, गळ्यात टाय, तेहेतीस अंशांच्या उन्हात. असा तो फक्त मयतीला जायचा. त्याच्यामागं झाडाखाली पिवळेधमक जर्दाळू पडले होते. इतके, की पाय ठेवायला जागा नव्हती. व्लास्तानं त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण बाईंनी मागं हात घालून तिचं मनगट पकडलं. "गप्प उभ्या राहा."

"नमस्कार," इम्रिख जर्मनमध्ये म्हणाला, शाळेतल्या पोरासारखा. "मी व्लास्ताचा नवरा. मधमाश्या बऱ्या आहेत."

"ऐकून आनंद झाला. जर्दाळू यंदा छान आलेत."

"देवाच्या दयेनं."

"आलुबुखाराच्या झाडाला."

इम्रिखनं वर पाहिलं. फांद्यांवर हिरवे आलुबुखार. त्यानं खाली पाहिलं. मग परत वर. "कलम आहे," तो म्हणाला.

"असं? कुणी केलं?"

"बापानं."

"कुठं जोडलंय, दाखवा बघू. मला कलमं फार आवडतात."

इम्रिख झाडाजवळ गेला, खोडावरून हात फिरवला, एका गाठीवर थांबला, पुढं गेला. मग बाजूच्या रिकाम्या खोक्यावर बसला आणि टायनं तोंड पुसून मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "बाई, मी इम्रिख. मी यार्मिलाचा नवरा. बाजारातून दोन खोकी आणली मी पहाटे. मला आता कोट काढू द्या, नाहीतर चक्कर येईल."

तेव्हा मात्र वाइगलबाई हसल्या. टोपी पडेस्तोवर हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं. इम्रिखला काय झालं ते कळेना, व्लास्तानं त्याला स्लोव्हाकमध्ये दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पंधरा दिवस मी उगाच घोकलं?" आणि कोट काढून फांदीला टांगला.

त्यांनी तिघांनी अक्रोडाच्या सावलीत जेवण केलं. थंड कटलेट, काकडी, पाव. बाईंनी चार जर्दाळू खाल्ले आणि बिया नीट रांगेत ठेवल्या. "हंगेरीचे आहेत," त्या म्हणाल्या. "गोड आहेत, पण वास नाही." मग त्यांनी खुर्ची आलुबुखाराशी न्यायला लावली, एक सुकलेली फांदी दाखवली आणि ती कुठं आणि कशी छाटायची हे इम्रिखला हातवारे करून सांगितलं. त्यानं खिशातली बोथट सुरी काढली. बाईंनी ती बघून नाक मुरडलं आणि पर्स उघडली.

"हा घ्या. ज्याच्यासाठी आणला होता तो नाही. पण झाड तुमचं आहे ना?"

इम्रिखनं चाकू उन्हात धरून पाहिला, पात्यावर अंगठा फिरवला आणि मान लववली. मनातलं सांगण्याइतकं जर्मन त्याला येत नव्हतं.

परतीच्या गाडीत बाई थकून मिटल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. झोपल्या असं समजून व्लास्ता त्यांच्या पायांवर शाल घालायला वाकली, तर डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "मी ट्युलिपचे कंद दिले होते. एकदा नाही, तीनदा."

"ते लावले. मुलाच्या इमारतीखाली. कुत्री उकरतात, तरी काही आले."

"किती?"

"सात. एक लाल, बाकीचे पिवळे."

बाईंनी यावर विचार केला. "मी अजून रागावलेली आहे."

"हो."

"दोन-तीन दिवस तरी राहीन."

"राहा," व्लास्ता म्हणाली. गाडी तेव्हा पुलावर होती. तिनं मुद्दाम खिडकीकडं पाठ केली होती, पण बाईंनी डोळे उघडून नदी ओलांडेपर्यंत बाहेर पाहिलं.

घरी पोचल्यावर पायांवरच्या पट्ट्या सोडतायत न सोडतायत, तोच सहा वाजले आणि फोन वाजला. व्लास्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आता काय सांगतात? ग्राट्सहून गुड्रुननं नेहमीचं विचारलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "पाणी? पुष्कळ प्यायले. ब्रातिस्लावात पाणी चांगलं आहे."

मग पलीकडून आलेला आवाज दारापर्यंत ऐकू आला. बाईंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला.

"ओरडू नकोस. हो, व्हीलचेअरवरूनच. नाही, तिला देणार नाही मी फोन. तिला कामं आहेत... तिनं नको म्हटलं होतं, शंभरदा. मीच नेलं तिला. हो, मी *तिला* नेलं!"

फोन ठेवून त्यांनी व्लास्ताकडं न बघताच विचारलं, "सूप आहे का काही?"

शनिवारी गुड्रुन स्वतः आली. दिवाणखान्यात तासभर दार लावून बोलणं झालं. व्लास्ता तेवढ्या वेळात दोनदा जिना उतरून चढून आली. कचरा नव्हता तरी कचऱ्याची पिशवी घेऊन. तिनं मनातल्या मनात दोन्ही सुटकेस भरल्याही. शेवटी गुड्रुन बाहेर आली, लाल झालेली, आणि म्हणाली, "आई म्हणते, तुम्हाला काढलं तर ती ब्रातिस्लावाला राहायला जाईल. एका इम्रिखकडं. कोण आहे हा इम्रिख?"

नोकरी राहिली. बाई मात्र दोन-तीन नाही, नऊ दिवस रागावलेल्या होत्या. तीन ते पाचच्या वेळेत त्या पत्ते मांडायच्या आणि व्लास्ता समोर बसून इस्त्री करायची. दहाव्या दिवशी पत्ते पिसता पिसता त्यांनी विचारलं, "तो सोफा उलगडतो, की तसाच?"

"उलगडतो. पण मधे दांडा टोचतो."

"एकसष्टाव्या वर्षी?"

बस्स, एवढंच. पण ते व्लास्ताच्या डोक्यात घर करून बसलं. पुढच्या सुट्टीत तिला रादोकडं आणखीच बसवेना. सोन्या म्हणाली, "आई, तुम्ही जरा स्थिर बसाल का?" तशी ती उठली आणि ट्रॅमनं राचाला गेली. इम्रिखनं सांगितलेल्या एका बाईकडं एक खोली होती. तळमजल्यावर, अंगणाच्या बाजूला. शेगडी, लोखंडी पलंग, एक खिडकी, खिडकीबाहेर हातभर जमीन आणि तिच्यात खाजऱ्या पानांची रोपटी. घरमालकीण म्हणाली, "लहान आहे." व्लास्तानं पलंगावर बसून पाहिलं. उठली. परत बसली. "कळवते," म्हणाली आणि निघाली.

मिनीबसमध्ये यार्मिलानं तिला सरहद्दीपर्यंतही दम धरू दिला नाही.

"घेतेस का खोली?"

"बघते."

"बघते म्हणजे काय बाई? कुणी दुसऱ्यानं घेतली तर?"

"म्हणजे वाइगलबाईंना विचारते आधी."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारतील," व्लास्ता म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की ते आपण बघितलंच नाही. उजवीकडून ऊन येत होतं की डावीकडून? सकाळचं होतं की दुपारचं? ती आठवायला लागली. मिनीबस व्हिएन्नात शिरेपर्यंत तिला ते नीट आठवेना, आणि फावोरिटनच्या कोपऱ्यावर गाडी थांबायच्या आधीच ती बॅग घेऊन दारात उभी होती.